तायड्यांची भांडी

वरवट बकालमध्ये लग्न ठरलं की लोक मंडपवाल्याकडे नंतर जात, आधी महामायाच्या दारात येत. "बाई, त्या दिवशी भांडे रिकामे हायेत का?" एवढं विचारून मगच तारीख पक्की करत. मोठाले गंज, कढया, पराती, झारे, पाण्याची पिंपं, ताटांच्या चळती. घरामागच्या पत्र्याच्या खोलीत सगळं एकावर एक रचलेलं असे. आणि झाऱ्यापासून पिंपापर्यंत प्रत्येकावर कोरलेलं असे, 'नागसेन पुंजाजी तायडे, वरवट'.

भांड्यावर नाव घालायची हौस आपल्याकडे जुनीच. पूर्वी खामगावच्या बाजारात दुकानाच्या पायरीवर छिन्नी-हातोडी घेऊन एखादा म्हातारा बसलेला असे. टकटक करत पितळेच्या गुंडावर ठिपक्याठिपक्यांची अक्षरं उमटवी, आणि बाई शेजारी उकिडवी बसून, न वाचता येणारं ते नाव डोळ्यांत साठवून घेई. आता विजेचं यंत्र आलं. घर्र केलं की झालं.

पण महामायानं ते नाव नुसत्या हौसेनं घातलं नव्हतं. तिच्या सासूनं, कलाबाईनं, तिला लग्नानंतर पहिल्याच वर्षी एक गोष्ट सांगितली होती. कलाबाईचा नवरा पुंजाजी तरुणपणी गावच्या लग्नांत चुलीसाठी चर खणायचा, लाकडं फोडायचा. दिवसभर राबायचा. जेवायची वेळ झाली की त्याची पंगत गोठ्यामागं, आणि ताट घरून न्यायचं. वाढणारा वरून टाकायचा, ताटाला पळी लागू द्यायचा नाही. "तुहा सासरा मेला तवालोक त्यानं लग्नाचं जेवन म्हनून केलं नाई," कलाबाई म्हणाली होती. "म्हने, ताट घेऊन जायाचं तं घरीच जेवतो ना."

महामायानं ते ऐकून घेतलं. आईनं लग्नात दिलेले दोन गंज तिच्याकडे होते. ती लग्नांत स्वयंपाकाला जाऊ लागली, मजुरीतून एक कढई घेतली, मग बचत गटातून उचल घेऊन पराती, ती फेडून ताटं. नागसेनचं बसस्टँडजवळ पंपांच्या जळलेल्या मोटारींत नवी तार भरून द्यायचं दुकान होतं. त्याच्या कमाईवर घर चाले, तिच्या कमाईतून भांडी वाढत. आणि दर खेपेला खामगावच्या दुकानात ती एकच नाव सांगे. आता सारं गाव, वाडे-माड्यांतली माणसंसुद्धा, पुंजाजीच्या नावाच्या ताटात जेवत होतं. कलाबाईला वाचता येत नव्हतं. भांडी घासून झाली की ती त्या अक्षरांवरून बोट मात्र फिरवी.

वैशाखात, ऐन लगीनसराईत, दारात टेम्पो थांबला. महामायाला वाटलं गिऱ्हाईक आलं. उतरला तो कोर्टाचा बेलिफ आणि त्याच्यासोबत एका पतसंस्थेचा माणूस.

"नागसेन पुंजाजी तायडे इथंच राहतात?"

नागसेन दुकानातून जेवायला आलेला होता. बेलिफनं पुढं केलेला कागद त्यानं पाहिला आणि हातातला घास ताटात ठेवला. महामायानं नवऱ्याचा चेहरा असा उतरलेला कधी पाहिला नव्हता.

"काऊन, काय झालं? बोला ना."

मग बेलिफनंच सांगितलं. लग्नाआधी नागसेन एका मित्राच्या जीपच्या कर्जाला जामीन राहिला होता. मित्रानं हप्ते बुडवले आणि तो सुरतेला निघून गेला. पतसंस्थेनं दोघांवर दावा केला. नागसेन तारखेला गेलाच नाही आणि निकाल त्याच्या विरोधात लागला. आता त्या निकालावरून जप्ती आली होती.

पतसंस्थेच्या माणसानं मागच्या खोलीचं दार ढकललं. आतल्या भांड्यांवरून नजर फिरवली आणि एक परात उजेडाकडे धरली. "घ्या साहेब. नावच लिहून ठेवलंय."

"भाऊ, ते भांडे माहे हायेत!" महामाया पुढं झाली. "माह्या कमाईचे."

"नाव तर यांचं आहे, बाई."

"नाव मीच टाकलं!"

"मग झालं की," तो म्हणाला.

बेलिफ माणूस वाईट नव्हता. घरच्या चुलीवरच्या भांड्यांना त्यानं हात लावला नाही. रोजच्या स्वयंपाकाची भांडी कायदा नेऊ देत नाही, असं त्यानंच सांगितलं. बाकीचं सगळं मोजलं, पंचांच्या सह्या घेतल्या, आणि कोर्टाचा हुकूम येईपर्यंत सांभाळायला शेजारच्या वामनरावांच्या गोदामात ठेवून कुलूप लावलं. "तोपर्यंत यातल्या झाऱ्यालाही हात लावायचा नाही," वामनरावांना त्यानं बजावलं.

टेम्पो गेला. महामाया अंगणात उभी राहिली.

"दहा वर्सं झाले आपल्या लग्नाले," ती म्हणाली. "एका सब्दानं सांगतलं नाई तुमी."

"मले वाटलं, जुनं झालं, मेलं ते."

"कर्ज मरते का कुठं? मानूस मरते!"

"लाज वाटे," नागसेन खाली बघत म्हणाला. "तू एक एक भांडं जमवत होती. तुले काय सांगू, का मी पयलेच बुडलेला हाओ?"

ओट्यावर आठ वर्षांची समता हे सगळं ऐकत बसली होती. तिला कवटाळून कलाबाई म्हणाली, "भांडन बादमदी करा. पयले भांडे आना. माह्या पुंजाजीचं नाव कुलपात पडलं."

तालुक्याच्या कोर्टात बायकांना वकील फुकट मिळतो, हे बचत गटातल्या बायांनी सांगितलं. तिथं महामायाला ॲडव्होकेट मंजुश्री भेटल्या. वयानं लहान, बोलायला भरभर.

"हे बघा, दिवाणी कोर्टाचा असा निकाल बारा वर्षं जिवंत असतो. त्यांनी मुदतीत अर्ज केलाय. त्यामुळे कर्ज खोटं, असं आपल्याला म्हणता येणार नाही."

"मी म्हनतच नाई मॅडम. जामीन राह्यले तं भरा म्हना. पन माह्या भांड्याईनं काय केलं?"

"बरोबर. नवऱ्याच्या देण्यासाठी बायकोची वस्तू घेता येत नाही. फक्त ती बायकोची आहे, हे दाखवावं लागतं. पावत्या?"

पावत्या कुठल्या? त्यांच्या होड्या करून समतानं केव्हाच नालीत सोडल्या होत्या.

"आणि भाड्याचे पैसे कुठल्या खात्यात जातात?"

"दोघाईच्या. पयलं नाव त्याईचंच हाये."

मंजुश्रीताईंनी कपाळाला हात लावला. "आजच स्वतःचं वेगळं खातं उघडा. यापुढचा तुमचा पैसा तिथंच. नाहीतर उद्या पतसंस्थावाले जप्तीला बँकेतही जातील."

हे ऐकून घरी नागसेनला लागलं. "म्हंजे मी आता परका झालो?"

"परका काऊन होशीन बे?" आत पोळ्या लाटणारी कलाबाई गरजली. "खात्यात नाव नसलं म्हंजे घरात बी नाई का? तुह्या बापाचं नाव कोनत्या खात्यात होतं? मी नांदली ना?"

नागसेननं डोकं खाजवलं. दुसऱ्या दिवशी तोच महामायाला मोटारसायकलवर बसवून बँकेत घेऊन गेला.

ते दिवस कठीण गेले. सराई चालू आणि खोली रिकामी. महामाया पुन्हा लोकांच्या लग्नात मजुरीनं स्वयंपाकाला जाऊ लागली. गंमत वामनरावांची झाली. त्यांच्या पुतणीचं लग्न ज्येष्ठात. महामायाची भांडी त्यांच्याच गोदामात, पण वापरायची सोय नाही. दुप्पट भाडं देऊन त्यांना परगावाहून भांडी आणावी लागली, आणि त्यातली एक कढई गळकी निघाली. "माया," ते कुंपणावरून ओरडले, "तुही केस लवकर जिंक व माय! मी तुह्या भांड्याईचा राखनदार झालो अन् माह्याच घरचा रस्सा चुलीत गेला!" महामाया त्या दिवसांत पहिल्यांदा हसली.

तारखा पडत गेल्या. एकदा तारखेला कामकाज लांबलं. मंजुश्रीताईंनी महामायाला वकिलांच्या बाररूमजवळच्या बाकावर बसवलं आणि आपला डबा उघडला. झाकण बाजूला ठेवताना त्या थांबल्या. झाकणावर कोरलं होतं, 'कुसुममावशीकडून सप्रेम भेट'.

"महामायाबाई, हा डबा कुणाचा?"

"तुमचा, मॅडम."

"मावशीचा नाही?"

"मावशीनं देल्ला असन. मावशीचा कसा असन?"

मंजुश्रीताईंनी झाकण पुन्हा पाहिलं. मग त्या नुसत्याच मान हलवत जेवू लागल्या.

पुढच्या तारखेला पतसंस्थेच्या माणसाची उलटतपासणी झाली. भांडी नागसेनची आहेत हे कशावरून, तर नावावरून. दुसरं काही? काही नाही.

"तुमच्या घरी भांडी आहेत?" मंजुश्रीताईंनी विचारलं.

"आहेत."

"त्यांच्यावर नावं आहेत?"

"आहेत."

"कुणाची?"

तो आठवू लागला. "सासऱ्यांची… आत्याची. एक कळशी आजीच्या स्मरणार्थ आहे."

"म्हणजे ती कळशी वारलेल्या आजीची?"

कोर्टात हशा पिकला. त्या माणसालाही हसू आलं. "नाही हो, आमचीच आहे," तो म्हणाला, आणि आपण काय बोललो ते मग त्याच्या ध्यानात आलं.

खामगावचे भांडेवाले ज्ञानेश्वर साक्षीला आले. "साहेब, दहा वर्षं ही बाईच येते. पैसे हीच मोजते. नवरा एकदाच आला होता, तोही गाडी चालवायला. आणि भाव असा करते की माझं बीपी वाढतं."

शेवटी महामायाला विचारलं गेलं, भांडी तुमची, तर नाव तुमचं का नाही? तिनं ताटाची गोष्ट सांगितली. गोठ्यामागची पंगत, घरून न्यायचं ताट, वरून टाकलेलं अन्न. आवाज चढवला नाही, डोळ्यांत पाणी आणलं नाही. "नाव नवऱ्यासाठी नाई टाकलं, साहेब," ती म्हणाली. "त्याच्या बापाच्या नावासाठी टाकलं. गावानं जेवताना वाचावं म्हनून."

न्यायाधीशांनी ते लिहून घेतलं.

दिवाळीआधी हुकूम झाला. भांडी महामायाची, जप्ती उठली. बेलिफनंच येऊन कुलूप काढलं. कलाबाई गोदामातून एक ताट पदरानं पुसत बाहेर आली आणि वामनरावांच्या अंगणातच बसून राहिली.

नागसेनचं देणं मात्र होतंच. लोकअदालतीत पतसंस्थेनं व्याजाचा मोठा भाग सोडला आणि महिन्याचा हप्ता ठरला. महामायाच्या वेगळ्या खात्यात आता समताच्या शिक्षणासाठी थोडे पैसे जमले होते. त्यांतून सुरुवातीचे काही हप्ते एकदम फिटले असते. बाहेर पडताना नागसेननं ते विचारायला तोंड उघडलं. तिनं त्याच्याकडे पाहिलं, त्यानं मिटलं.

"तुमी राह्यले जामीन, तुमीच फेडसान," ती म्हणाली. "मी संगं हाओ. पन समताच्या शिक्षनाचा पैसा त्याच्यात जानार नाई."

"हाव," तो म्हणाला. पायऱ्या उतरून झाल्यावर पुन्हा म्हणाला, "हाव. बरोबर हाये."

तुळशीचं लग्न झालं आणि सराई सुरू झाली. पहिलंच गिऱ्हाईक वामनराव, या वेळी पुतण्याच्या लग्नासाठी. दुकान लवकर बंद करून नागसेन आला आणि गंज उचलून टेम्पोत चढवू लागला. घाम पुसत त्यानं महामायाला हाक मारली.

"मालकीनबाई, हमाली काय देता?"

"बाकीचे घेतात तेच."

"नवऱ्याले काई जास्त नाई?"

"नवरा हाये म्हनून उधार नाई ठेवत, हेच जास्त."

वामनराव खो-खो हसले. महामायानं कनवटीची नोट काढून त्याच्या हातावर ठेवली. नागसेननं ती घडी करून वरच्या खिशात घातली, हप्त्याच्या पैशांत. मग वाकून दुसरा गंज उचलला.

"अन् हा?" त्यानं विचारलं.

"हा बी त्यातच," ती म्हणाली. "चाला, आटपा. तिकडं चूल पेटली असन."