भरतीआधी दोन धावपट्ट्या

पाणी साठ पावलांवर.

विश्वंभर सरांनी काठीनं नागावच्या ओल्या वाळूत दोन रेघा ओढल्या. एक किनाऱ्याला धरून उत्तरेकडे, तीनशे साठ अंशांवरून तिचं नाव छत्तीस. दुसरी तिला मधोमध छेदून सरळ समुद्राकडे, पश्चिमेच्या दोनशे सत्तर अंशांवरून ती सत्तावीस.

विमानं: सरांचे विद्यार्थी सई आणि सुश्रुत, हात पसरून.

वारा: आनंदीबाई, सरांच्या पत्नी. खुर्चीत बसून, बांबूला बांधलेला पंचा धरून.

हे सगळं कशासाठी, तर गुरुवारसाठी. विमानशाळा घाटावर. तिथे टॉवर नाही. आपण कुठे उतरतोय ते वैमानिकच एकमेकांना रेडिओवर सांगतात. सईनं सांगितलं, सत्तावीस, आणि उतरायला लागली. छत्तीसवर दुसरं विमान न बोलता टेकत होतं. शेजारी बसलेल्या सरांनी विमान वर ओढलं. खाली आल्यावर तिच्या सोलोचा कागद सहीशिवाय घडी करून खिशात टाकला. आता एकटीनं उडायचं तर सोमवारी. नाहीतर चार महिन्यांनी, पुढच्या तुकडीबरोबर.

म्हणून रविवारी, सुट्टीत, वाळूत.

फेरी पहिली

सई सत्तावीसचा पुकारा करून धावली. सुश्रुत छत्तीसवरून मुक्यानं आला. दोघं फुलीवर आपटले. सुश्रुत उरणचा, त्याच्या तोंडात वाळू गेली तरी तो हसत होता.

मी सांगितलं होतं की, असं सईचं म्हणणं.

"तू नागावची ना," सर म्हणाले. "दगडी गडग्यांमधल्या वळणावर हॉर्न दिला की समोरचा थांबणारच, असं धरून स्कूटी घालतेस. रेडिओ म्हणजे हॉर्न नव्हे, सई."

तिला राग आला, कारण ती तसंच करते. अख्खं गाव करतं.

फेरी दुसरी. पाणी चाळीस पावलांवर.

या वेळी तिनं पुकारा केला, ऐकलं, उजवीकडे पाहिलं, डावीकडे पाहिलं आणि पाहता पाहता उभी राहिली.

"हवेत उभी राहिलीस तर पडशील गं," आनंदीबाई म्हणाल्या.

फेरी तिसरी

झालीच नाही. आनंदीबाईंचा हात दुखला, त्यांनी बांबू दुसऱ्या हातात घेतला आणि पंचा फिरला. सरांनी तो परत फिरवायची विनंती केली. वारा विचारून फिरतो का, असं आनंदीबाईंनी विचारलं. सर उलट खूश झाले. उतरायचं वाऱ्याच्या समोरून, म्हणून वारा फिरला की कुणी नव्या पट्टीवर येतो, कुणी अजून जुन्याच. घोळ तेव्हाच होतो, म्हणाले. सईला छत्तीस दिली. सुश्रुतला कानात सांगितलं, तू शहाळं पी.

फेरी चौथी. पाणी दहा पावलांवर.

सईनं पुकारा केला. ऐकलं. सुश्रुत बाजूला शहाळं पितोय हेही तिला दिसलं, म्हणजे सत्तावीस रिकामी. तरी तिनं धावता धावता उजवीकडे मान वळवली.

सुरूंच्या झाडांतून सदाची घोडागाडी पर्यटकांना घेऊन सरळ सत्तावीसवरून येत होती. पुकारा नाही, काही नाही.

"छत्तीस, उतरत नाही," सई म्हणाली. "वर जातेय."

थांबली नाही. हात तिरके करून डावीकडे वळली, गुडघाभर पाण्यातून मोठी फेरी मारली, पुन्हा पुकारा केला, पुन्हा पाहिलं आणि टेकली. तोवर सत्तावीसचं टोक लाटेनं नेलं होतं.

सदादादाला तुम्हीच पाठवलं ना, तिनं विचारलं.

"नाही," सर म्हणाले. "मीच घाबरलो."

सही घोडागाडीच्या फळीवर कागद ठेवून झाली. एक कोपरा भिजला.

परतताना सुश्रुत स्कूटीवर मागे बसला. वळणावर सईनं हॉर्न दिला आणि पाय टेकला.

"कोणी नाय, चल ना."

"थांब, बघू दे."

गडग्याआडून पाववाल्याची सायकल आली, भोंगा न वाजवता.