कधीच न कुरकुरलेला पट्टा

मित्रांनो, मी एक जुना टायमिंग बेल्ट आहे. एका छोट्या गाडीच्या इंजिनातला दातेरी रबरी पट्टा. तुम्ही मला पाहिलं नसेल, कारण माझ्यावर कायम झाकण असतं. इंजिनात पिस्टन वर-खाली पळतात आणि झडपा उघडतात-मिटतात. दोघांना तालात ठेवायचं, हे माझं काम. ताल चुकला की त्यांची टक्कर ठरलेलीच.

कारखान्यातून निघालो तेव्हा मी कसा काळाकुळकुळीत होतो! माझे मालक घड्याळं दुरुस्त करायचे, म्हणून सगळे त्यांना घड्याळजी म्हणत. गाडीला ते तळहाताच्या फोडासारखं जपायचे. सुट्टीच्या दिवशी धुवायचे, पुसायचे आणि बायकोला हाक मारायचे, "ऐक तरी, इंजिन कसं गोड चालतंय!" काकू हसायच्या. कौतुक इंजिनाचं असायचं, पण त्यातलं थोडं मी गुपचूप स्वतःकडे ठेवून घ्यायचो.

मग काकूंच्या किडन्या गेल्या. दिवसाआड डायलिसिस सुरू झालं. परतताना त्यांना घेरी यायची, पाय पोटाशी घेऊन त्या मागच्या सीटवर पडून राहायच्या.

एकदा मेकॅनिक म्हणाला, "काका, टायमिंग बेल्ट बदलून टाका. फार वर्षं झाली त्याला."

"अरे, गाडी चालते कुठे? घर ते दवाखाना. झिजणार कसा तो?"

"रबर आहे, काका. नुसतं पडूनसुद्धा कडक होतं."

"बघू पुढच्या खेपेला."

कपाटात पडलेल्या घड्याळाचंही तेल सुकतं, असं गिऱ्हाइकांना बजावणारे हेच घड्याळजी! दिव्याखाली अंधार, दुसरं काय? मी आत भेगाळत होतो. ब्रेक घासले की किंचाळतात, त्यांना लगेच नवे पॅड मिळतात. रडल्याशिवाय आईसुद्धा दूध पाजत नाही म्हणतात, आणि मला तर रडताच येत नव्हतं.

एका सकाळी दवाखान्याच्या चढावर माझे दाते उखडले. पिस्टन उघड्या झडपांवर आदळले, झडपा वाकल्या. मला सगळं कळत होतं, करता काहीच येत नव्हतं. घड्याळजी पुन्हा पुन्हा किल्ली फिरवत राहिले. "चल गं बाई, आजचा दिवस चल!" शेवटी एका टेम्पोवाल्याने काकूंना शेजारी बसवून पोचवलं.

दुसऱ्या दिवशी मेकॅनिकने इंजिन उघडलं आणि मान हलवली. "काका, यात आता काही राहिलं नाही." इंजिन नव्याने बांधायची किंवा दुसरी गाडी घ्यायची ऐपत नव्हती. घड्याळजींनी मला बोटांत वाकवलं, तशा सगळ्या भेगा उघड्या पडल्या.

"निदान थोडा आवाज तरी करायचास," ते पुटपुटले.

काकू गॅरेजमधल्या बाकावर बसल्या होत्या. "मीही केला नव्हता," त्या म्हणाल्या. "किती दिवस दुखणं अंगावर काढलं. तुम्ही मात्र सांगत फिरायचात, हिची तब्येत कशी ठणठणीत!"

घड्याळजी मला हातात घेऊन त्यांच्या शेजारी बसले.

मित्रांनो, माझं आता काही व्हायचं नाही. पण तुमच्याकडे कुणी तोंडातून ब्र न काढता राबत असेल, तर त्याच्या ओरडण्याची वाट बघू नका. वेळेवर झाकण उघडा. उद्या काकू दोन बस बदलून डायलिसिसला जाणार आहेत. येताना बसायला जागा मिळेलच असं नाही.