उजव्या पायाचा ठसा

“त्या ताईंना म्हणे नुसती वस्तू बघून मनातलं सगळं कळतं, वहिनी, आणि मग माणूस...” बाहेरच्या बाकावरून एवढं ऐकू आलं आणि दार लागलं. मग माणसाचं काय होतं, ते राहूनच गेलं.

मी बादलीतल्या मातीचा गोळा बोलतोय. खरं तर बोलायचंही त्राण नाही. ताईंच्या या समुपदेशनाच्या खोलीत रंग आहेत, कागद आहेत, पण ज्याला मनातलं सांगता येत नाही तो शेवटी माझ्याकडेच वळतो. मला थापटतात, आपटतात, चिमटे काढतात. तास संपला की ज्याचं त्याने ठरवायचं, वस्तू फळीवर ठेवायची की मोडून बादलीत टाकायची. बहुतेक जण मोडतात. कितीदा हत्ती झालो आणि कितीदा कुणाची आई, आता आठवतही नाही.

ते अर्धवट वाक्य नुकताच आत आलेल्या बस-ड्रायव्हरनेही ऐकलं. बोलणारी त्याचीच बहीण, ऐकणारी त्याची बायको. त्याच्या बसखाली एक सायकलवाला गेला होता. चौकशीत चूक याची निघाली नाही, तरी तेव्हापासून हा बसमध्ये पाऊल ठेवत नव्हता. आपण ब्रेक वेळेवर दाबला की नाही, हे त्याचं त्यालाच आठवत नव्हतं. आता ते मातीतून बाहेर पडेल, ही धास्ती.

म्हणून पठ्ठ्या दर वेळी वाटीच करायचा. गोल, गुळगुळीत. वाटीवरून कुणाला काय कळणार? ताई मात्र काही ओळखायला जात नसत. ‘छान’सुद्धा म्हणत नसत. करताना हाताला कसं वाटलं, एवढंच विचारत. हा म्हणायचा, गार. की झाला तास.

एके दिवशी वाटीची कड फाटली. ताई सावरायला आल्या नाहीत. तो चिडला, मला जमिनीवर आपटलं, खुर्चीत बसला आणि चप्पल काढून उजवा पाय माझ्यावर दाबला. दाबतच राहिला. घामाने भिजला.

“दाबला होता मी,” तो हळूच म्हणाला. “वेळेवर का, ते नाही सांगता येत.”

“आज एवढंच असू दे,” ताई म्हणाल्या. “इथलं इथेच राहील.”

त्याने मला फळीवर ठेवलं. मी सुखावलो. वाळायचं, पडून राहायचं, कुणाचा हात नको.

पुढच्या खेपेला तो आला तो बसने. ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर बसून. एक स्टॉप आधी उतरलो, म्हणाला, पण आलो. मग माझ्यावरचा ठसा चाचपत त्याने विचारलं, “हे परत भिजवता येईल ना?”

झालं. गेलो पाण्यात.

बाहेर बहीण सांगतच होती, “...माणूस अगदी पहिल्यासारखा होतो.” बाई गं, ताईंना आपणहून काही कळत नाही, आणि पहिल्यासारखं कुणी होत नाही. मोडून मोडून थकलेल्या माझ्यावर एवढा विश्वास ठेव. पण एक स्टॉप आधीपर्यंत माणूस येतो, हे खरं.

तुम्हीही या कधी. सुबक काही करायला जाऊ नका. जाताना बादलीवर ओलं फडकं तेवढं टाका. जरा पडतो आता.