पहिल्या फेरीपुरतं गास्केट

ताईने इंजिनच्या ब्लॉकवर पोलादी पट्टी आडवी धरली, पलीकडून बॅटरीचा उजेड टाकला आणि एक डोळा मिटून पाहिलं. पट्टीखालून उजेडाची रेघसुद्धा आली नाही. पृष्ठभाग हवा तसा सपाट झाला होता.

टेबलावर दोन गास्केटं होती. ब्लॉक आणि त्यावर झाकणासारखं बसणारं हेड यांच्यामधला हा पातळसा थर. आग, तेल आणि पाणी यांना एकमेकांच्या वाटेला जाऊ न देणारा. एक नेहमीचं, नरम, थोडंफार उंचसखल सांभाळून घेणारं. दुसरं पोलादी पत्र्यांच्या थरांचं. त्याला सपाटीत केसाइतकाही फरक खपत नाही, पण इंजिनात जादा हवा कोंबणाऱ्या मोठ्या टर्बोचा दाब ते मुकाट सोसतं. अण्णांनी यंदा मोठा टर्बो बसवायला सांगितला होता. निवडण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

अण्णा म्हणजे तिचे वडील. एके काळी ते शर्यतीत गाडी चालवायचे. अपघातानंतर गाडी सुटली, शर्यत सुटली नाही. मुलगी इंजिन बांधेल आणि मुलगा चालवेल, हे त्यांनी दोघं शाळेत असतानाच ठरवून टाकलं. कुणी विचारलं नाही, कुणी नाही म्हटलं नाही. पुढे तेच अंगवळणी पडलं.

धाकटा जिना उतरून गॅरेजमध्ये आला. गेल्या मोसमात त्याची गाडी भिंतीवर आदळली, तेव्हापासून तो मोजकंच बोलायचा. हाडं जुळली, असं डॉक्टर म्हणाले होते. अण्णांच्या लेखी विषय तिथेच मिटला.

त्याने नरम गास्केट उचललं.

“हे घाल.”

एवढ्या दाबाखाली ते तग धरणार नाही, कडेने जळून फुटेल, असं तिने त्याला समजावलं. त्याने सगळं ऐकून घेतलं.

“किती टिकेल?”

“पहिली फेरी. फार तर दुसरी.”

“पुरे.”

ती हसणार होती. पण त्याने गास्केट छातीशी घट्ट धरलं होतं.

तुटक तुटक त्याने सांगितलं. हेल्मेट डोक्यावर चढलं की श्वास कोंडतो. वळण आलं की समोर भिंतच दिसते. इंजिन गेलं तर कुणी त्याला काही विचारणार नाही, अण्णासुद्धा नाही.

ठपका तिच्यावर येणार होता, आणि तो तिने घेतलाही असता. पण गास्केट फुटलं की गरम पाणी रस्त्यावर सांडतं. मागून भरधाव येणाऱ्याला ते दिसत नाही, त्याचं चाक घसरतं. हे तिने सांगितलं तेव्हा त्याने मान हलवली आणि गास्केट जपून जागेवर ठेवलं.

“अण्णांना सांग,” ती म्हणाली.

“तू सांग ना, ताई.”

अण्णांना सांगायचं असं तिच्याकडेही बरंच साचलं होतं.

एवढ्यात अण्णाच काठी टेकत आत आले. हेड अजून चढवलं का नाही, म्हणून त्यांनी विचारलं.

“गास्केट ठरत नाहीये.”

“त्यात ठरवायचं काय? पोलादी.”

“गाडी कोण चालवणार, त्यावर आहे.”

अण्णांना ती थट्टा वाटली. चालवणारा काय भाड्याने आणायचाय का, असं म्हणत त्यांनी हसून मुलाकडे पाहिलं. मुलगा खाली बघत होता. त्यांचं हसू हळूहळू विरलं.

“अण्णा, मला नाही जमत आता.”

“भीती वाटते?”

“हो.”

अण्णा स्टूल ओढून बसले. ब्लॉकच्या गुळगुळीत पृष्ठभागावरून त्यांनी तळवा फिरवला, एकदा, पुन्हा एकदा. काम चांगलं झालंय, असं ते ताईला म्हणाले. ते असं कधी म्हणत नसत. मग उठले आणि दारापर्यंत गेले. वळले नाहीत.

“झाकून ठेवा ते. धूळ बसेल.”

ताईने कपाटातून चादर काढली. दुसरं टोक धाकट्याने धरलं. इंजिन पुरतं झाकलं गेलं तरी दोघं तिथेच घुटमळत राहिली. जेवणाची वेळ झाली होती, आणि आज पानावर बसून शर्यत सोडून एकमेकांशी काय बोलायचं, हे कुणालाच ठाऊक नव्हतं.