पालथी रिळं

रंभाबाईंना चूक सापडली ती सत्त्याहत्तरच्या वैशाखात, आणि ती त्यांची स्वतःचीच निघाली.

सातवी शिकलेल्या या बाईंना चनबसप्पा सरांनी कॉलेजच्या अंधाऱ्या खोलीत फिल्म वाचायला बसवलं, त्याला चार वर्षं झाली. परदेशातल्या यंत्रात प्रोटॉन जोरानं आदळत, त्याचे फोटो रिळांवर येत. टकरीतून निघालेला एखादा कण थोडं पुढं जाऊन फुटे आणि बेचक्यासारख्या दोन रेघा उमटत. जाड रेघ वर गेली का खाली, एवढंच वहीत मांडायचं.

"कण भोवऱ्यासारखे फिरतात, बाई," सर सांगत. "सगळ्यांचे आस एकाच बाजूला कलले असले, तर एक रकाना जास्त भरेल."

रकाने सारखेच भरले. सरांनी 'कल नाही' असं लिहून काम मिटवलं. मग बातमी आली, की तिकडच्यांना कल सापडला. त्याच महिन्यात सरांच्या अंगावरून वारं गेलं. डॉक्टर म्हणाले, साखर वाढली होती. रंभाबाईंनी ऐकून घेतलं.

चूक अशी, की जवळजवळ निम्मी रिळं शेवटाकडून गुंडाळलेली येत. ती यंत्रातून उलट फिरवावीत, तर सोलापूरच्या धुळीनं फिल्मवर ओरखडे उठत. म्हणून बाई रीळच पालथं लावत. आकडे उलटे दिसत, तर त्या उलटे आकडे वाचायला शिकल्या. पण पालथ्या रिळात वरचं खाली जातं. सरळ रिळांनी दाखवलेला कल पालथ्यांनी पुसून टाकला होता.

सात रस्ता चौकामागच्या घरी शांतम्मांनी, सरांच्या बायकोनं, दार उघडलं. "आलात रेघा घेऊन? त्यांना ताटातली भाकरी दिसंना झालीय."

रंभाबाई खाटेशी बसल्या आणि सगळं सांगून मोकळ्या झाल्या. "माज्यामुळं तुमचं काम वाया गेलं, सर."

सरांच्या तोंडाची एकच बाजू हसली. "पालथी कोणती, ते कळतंय?"

"व्हय की. वहीत त्येंच्यापुढं टिंब हाय."

"चार वर्षं टिंबं दिलीत, आणि मला बोलला नाहीत?"

"तुमी इचारलं न्हाई. मला वाटलं, फिल्म जपली म्हून बरं म्हनाल."

"जपलीत खरी," सर म्हणाले. "वाचा. टिंबवाल्यांचं वर-खाली बदलून वाचा. बेरीज मी करतो."

बेरीज बाईंनी घरी तीनदा केली होती. तो कागद पिशवीत होता. कल होता, चांगला ठसठशीत. पण त्या वाचू लागल्या. सरांचं चालतं बोट चादरीवर आकडे गिरवत राहिलं. नवव्या रिळाला ते थांबलं.

"वर किती झाले?"

"तुमीच सांगा की."

सरांनी छताकडं पाहिलं. पूर्वी पानभर बेरीज ते बोलता बोलता करत.

"मागचे निसटले, बाई."

शांतम्मा दारातून आत निघून गेल्या. रंभाबाईंचा हात पिशवीकडं गेला, आणि तसाच परत वहीवर आला. त्यांनी पानं मागं उलटली.

"रीळ पहिलं," त्या म्हणाल्या. "वर शहाण्णव. खाली चौऱ्याऐंशी. सावकाश धरा, सर."