केझिया शेलमर्डाइनचं बोलणं

कादंबरीकार ऑगस्टस पेलिंग लंडनहून आमच्या लँकेशायरच्या गावात आले, तेव्हा त्यांना गिरणी दाखवायचं काम माझ्याकडे आलं. मी गिरणीच्या शाळेचा मास्तर. चाळीस वर्षं पोरं शिकवली. कुणी काही विचारलं की सांगितल्यावाचून मला राहवत नाही. तिथेच घात झाला.

मागांच्या खडखडाटात कुणाला काही ऐकू येत नाही. आमच्या विणकर बाया नुसते ओठ हलवून बोलतात, समोरची ते वाचते. मलाही ते येतं. मुकादम टॅटरसॉल परगावचा. त्याला ते जमत नाही, म्हणून त्याच्या देखत त्याची सालटी निघतात.

केझिया शेलमर्डाइन माझी जुनी विद्यार्थिनी. विधवा, तीन लेकरं, चार माग सांभाळायची. ती शेजारणीला तावातावाने काही सांगत होती. पेलिंगनी वहीत लिहून विचारलं, ‘काय म्हणते?’

मी कौतुकाने लिहून दिलं: ‘मेल्याच्या पाठीला डोळे आहेत, पण काळजाच्या जागी नुसतं भोक. काल मार्था चक्कर येऊन पडली, तर विचारतो, पाय मोडलेत का? याचेच हात झडोत!’

ऑक्टोबरात मासिकात पेलिंगच्या कादंबरीचा नवा भाग आला. शनिवारी दुपारी शाळेत मी तो नेहमीसारखा गिरणीतल्या सगळ्यांना वाचून दाखवत होतो. त्यात केझी नावाची दारुडी विणकरीण निघाली. उचक्या देत ती ‘टॅटरशॉल’ नावाच्या मुकादमाला हेच बोलत होती, शब्दन् शब्द. आधी हशा पिकला. मग एकेक मान केझियाकडे वळली. ती उठून गेली.

सोमवारी तिचे माग दुसरीला दिले. गावातल्या बाकीच्या गिरण्यांनीही तिला दारातूनच परत पाठवलं.

त्याच आठवड्यात पेलिंग व्याख्यानाला आले. विषय, ‘कष्टकऱ्यांच्या बोलीतलं शरीर’. मी त्यांना सभागृहाच्या दारातच गाठलं.

“साहेब, मालकांना सांगा, ते शब्द तुम्हाला मी दिले. तिची भाकरी गेली हो!”

“मास्तर, रागावू नका. डोळे, काळीज, हात... वाचक खूश आहेत या बोलण्यावर! तिला माझ्या सहीची प्रत देतो.”

“ती संतापून बोलली होती. तुम्ही तिचं माकड केलंत!”

“अहो, हसल्याशिवाय अशा बायांचं कोण वाचणार?” माझ्या खांद्यावर थोपटून ते आत गेले.

आजवर वर्गात मी आवाज चढवला नव्हता. भर व्याख्यानात उभा राहून ओरडलो, “केझिया दारू पीत नाही! मार्था खरंच पडली होती, आणि मुकादम खरंच तसं बोलला होता! तिचं बोलणं या गृहस्थांना मी पोचवलं. काढायचं तर मला काढा!”

मालक पहिल्या रांगेत होते. त्यांनी मानही वळवली नाही.

“काढलं,” ते म्हणाले.

तिला मात्र परत घेतलं नाही.

शुक्रवारी केझिया लेकरांना घेऊन यॉर्कशायरच्या गाडीत बसली. मी स्टेशनवर गेलो होतो.

“मास्तर, माझ्यापायी शाळा घालवलीत,” ती म्हणाली. “पण त्या दिवशी वहीत लिहायच्या आधी मला विचारायचं होतंत.”

गाडी सुटली.