तेजोबाबांची पेटी आणि आईची उशी

शिंपीकाकांच्या दुकानामागच्या खोलीत त्या दिवशी पाय ठेवायला जागा नव्हती. कापडाचे गठ्ठे बाहेर आणि माणसं आत. सगळ्यांच्या नजरा टेबलावरच्या पत्र्याच्या पेटीवर खिळल्या होत्या. पेटीच्या पुढच्या बाजूला विजेचा एक छोटा दिवा पेटलेला होता आणि शेजारी तेजोबाबा बसले होते.

"ही पेटी माणसाचं मन ओळखते," बाबा सांगत होते. "श्रद्धा खरी असेल तर ऊब देते. ऊब मिळाली की दुखणं गेलंच समजा."

"पण बाबा, तिची वायर भिंतीतल्या प्लगमध्ये गेलीये," मी म्हणालो.

"शक्तीला बांधून ठेवावं लागतं बाळा. नाहीतर ती वर निघून जाते."

लोकांनी माना डोलावल्या. मी कपाळाला हात लावला.

माझी परीक्षा मागच्या खेपेलाच झाली होती. "शंकेखोर माणसाला वारा लागतो," म्हणत बाबांनी पंखा लावला आणि पेटी गार राहिली. आईच्या वेळी मात्र पंखा बंद, पेटीवर मखमल, सगळ्यांचे डोळे मिटलेले, आणि पेटी चांगली तापली. त्या दिवसापासून आईने रक्तदाबाची गोळी सोडली. डोकं ठणकायला लागलं तर म्हणे शक्ती चढतेय. मला हसू येत नव्हतं, भीती वाटत होती. म्हणून आज मी ताईला घेऊन आलो होतो. माझी ही बहीण शाळेत विज्ञान शिकवते, आणि थापा ऐकायची तिची सगळी ताकद वर्गातच संपलेली असते.

आईचा नंबर आला. पेटीवर मखमल आली, आम्हा दोघांखेरीज सगळ्यांचे डोळे मिटले, बाबांची टकळी सुरू झाली.

"तेज उतरतंय... पोटऱ्यांतून वर येतंय... डाव्या कानापाशी जरासं अडलंय..."

ताईने आईला हळूच खुर्चीवरून उठवलं. आईने पाठीला घ्यायला घरून आणलेली उशी खुर्चीत उभी केली आणि तिच्यावर आईची शाल टाकली. आई काही बोलणार, तोच ताईने ओठांवर बोट ठेवलं. बाबा बराच वेळ तेज उतरवत होते.

शेवटी त्यांनी मिटल्या डोळ्यांनी पेटीवर हात ठेवला आणि चटका बसला तसा झटकन काढला. "अहाहा. एवढं निर्मळ मन मी आजवर पाहिलं नाही. ना राग, ना लोभ, ना सुनेबद्दल तक्रार."

"तक्रार कशी असेल?" ताई म्हणाली. "आत नुसता कापूस आहे."

सगळ्यांनी डोळे उघडले. शिंपीकाका फिसकन हसले.

बाबा सावरले. "माउलीची श्रद्धा उशीत झिरपली."

"मग माउलीलाच बसवू."

ताईने आईला बसवलं, मखमल काढली, पंखा लावला. जरा वेळाने आईने स्वतः पेटीला हात लावला. पेटी गार पडली होती.

"म्हणजे माझी श्रद्धा पंख्याने उडाली?" आईने विचारलं.

ताईने प्लग काढला, थोडं थांबून झाकण उघडलं. "हा घरी बनवलेला पॉवर सप्लाय. भिंतीतली वीज दिव्यापुरती कमी करतो. आणि हा काळा तुकडा ट्रान्झिस्टर, रेडिओ नव्हे, सुटा भाग. याने सेकंदाला हजारो वेळा वीज चालू-बंद करायची. झटकन केली तर फारसा तापत नाही. पण जोडणी चुकलीये, म्हणून हा अर्धवट चालू, अर्धवट बंद असा रेंगाळतो आणि तापतो. उष्णता पत्र्यात उतरते. वारा लागला की निघून जाते, मखमल टाकली की कोंडते."

"कुणी बनवलाय हा?" शिंपीकाकांनी विचारलं.

"मीच," बाबा पुटपुटले. "टेपरेकॉर्डरसाठी. तापायचा काही थांबेना. दुरुस्त होईना, मग दैवी केला."

घरी आल्यावर आईने आधी पाणी मागितलं, मग गोळी. लगेच आमच्याबरोबर डॉक्टरांकडेही आली. ती उशी मात्र ती आता पाठीला घेत नाही. म्हणते, "एवढं निर्मळ मन, त्याच्यावर रेलायचं कसं?"

तुमच्याकडेही कुणी मनाची परीक्षा घेणारी पेटी आणली, तर वाद घालत बसू नका. आपल्या जागी उशी ठेवा आणि बघा. चमत्कार तरीही झाला, तर तो तुमच्या श्रद्धेचा नव्हता. आणि बघून होईपर्यंत गोळी चुकवू नका.